हिंगानोच्या केसांची कडा

आमच्या छापखान्यात फिनेआसी सव्वीस वर्षं पानं लावतोय आणि सव्वीस वर्षं मी त्याच्या पानांतल्या चुका काढतेय. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे, त्याच्या बायकोलासुद्धा नाही. तिला तो संध्याकाळी भेटतो, तेव्हा त्याचे डोळे लाल झालेले असतात आणि तोंड बंद असतं. दिवसभराची बडबड ऐकायला मी असते.

आमच्या बेटाच्या राजधानीत, नुकुआलोफात, बाजाराच्या मागच्या रस्त्याला, टायरवाल्याच्या शेजारी आमचं दुकान. लग्नपत्रिका, चर्चचे अहवाल, शाळेची मासिकं, सगळं छापतो. पण खरं काम अंत्यविधीच्या पुस्तिकांचं. आमच्या गावात माणूस गेलं की तीन गोष्टी आधी विचारतात: चटया कोण आणणार, डुकरं किती लागणार आणि फिनेआसीला सवड आहे का. पुस्तिकेत गेलेल्या माणसाचं चरित्र असतं, स्तोत्रं असतात, घरच्यांचे फोटो असतात. मुखपृष्ठावर मात्र एकच चेहरा, आणि त्या चेहऱ्याभोवती लोकांना काय वाट्टेल ते हवं असतं. ढग, ढगातून उतरणारे किरण, सोन्याचा जिना, कबुतरं. एकदा एकाने आजोबांच्या मागे त्यांची मासेमारीची होडी मागितली, तीही ढगात. फिनेआसीने दिली. होडी इतकी अलगद विरली होती ढगात की तिला बघून आजोबांची म्हातारी हसली आणि मग रडली.

विरवणं हीच त्याची विद्या. बाकीच्या दुकानांतली पोरं फोटो गोल कापून ढगावर चिकटवतात, खाली काळी जाड सावली देतात आणि म्हणतात, झालं. फिनेआसी गेलेल्या माणसाला सावली कधीच देत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "ज्याला आता उन्हात उभं राहायचंच नाही, त्याला सावली कशाला चिकटवू?" कडा मात्र तो अशी मऊ करतो, की फोटो कुठे संपला आणि आभाळ कुठे लागलं हे मला भिंग लावूनही सांगता येत नाही. आणि मी चुका काढण्यात कुणाला हार जाणारी नाही.

दिसायला काही खास नाही. बुटका, टक्कल पडलेला, चष्म्याला मासेमारीची दोरी बांधलेली. पण कुठलीही वस्तू उजेडासमोर धरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जेवणात तारोच्या, म्हणजे अळूसारख्या, पानात बांधलेलं मटण आणलं, की आधी एक पान ट्यूबलाइटसमोर धरून त्याच्या शिरा बघणार. तोवर मटण गार. दोरीवरचा ओला शर्ट, माशाचा पर, माझ्या चहाची रिकामी पिशवी, सगळ्यांच्या आरपार बघून झालेलं आहे. आणि प्रश्न तरी कसले! एकदा भर कामात खुर्ची फिरवून म्हणाला, "लाईते, मी हा फोटो पन्नास टक्के दिसेल असा केला. मग उरलेला पन्नास टक्के गेला कुठे?"

माझं नाव आतेलाईते, दुकानात सगळे लाईते म्हणतात.

"शेजारी टायरवाल्याला विचार," आमचे मालक सोआकाई आतून ओरडले. "त्याच्याकडे हरवलेलं सगळं सापडतं."

"नाही मालक, गंमत नाही. तो तिथंच आहे. फक्त मागच्याला वाट देतोय."

"तूही जरा वाट दे. शाळेचं मासिक दुपारी जायचंय."

असा माणूस. पण थरांच्या बाबतीत मात्र त्याच्याशी गंमत चालत नाही. कंप्युटरवर पान लावताना एकावर एक थर असतात: तळाला ढग, त्यावर चेहरा, त्यावर नाव, असं. फिनेआसीच्या फाइलीत थरांची यादी उघडलीत तर आमच्या नात्यांची अख्खी उतरंड दिसेल. आत्या सगळ्यांत वरच्या थरावर. तिच्या खाली तिची मुलं. मग बहिणी, मग भाऊ. आत्याच्या चेहऱ्यावर अक्षर चढवायचं नाही, मग तो चेहरा पानामागे अगदी पुसट का असेना. आणि भावाबहिणीच्या फोटोंच्या कडा एकमेकांत विरवायच्या नाहीत, मध्ये नक्षीचा एक पट्टा ठेवायचाच. ऑकलंडहून आलेल्या एका मुलीने हट्ट धरला होता, की आई आणि मामा एकमेकांत विरघळलेले दाखवा, तिकडे असंच करतात. फिनेआसी मान खाली घालून बसला. शेवटी मीच तिला बाहेर नेलं आणि म्हटलं, "बाई गं, तुझी आई आणि तुझा मामा लहानपणानंतर एका पलंगावर तरी बसले होते का? मग आता एका गालात कशाला बसवतेस?" ती ओशाळली. पट्टा राहिला.

फिनेआसीला स्वतःची एकच बहीण होती. हिंगानो, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. दोघांची घरं एकमेकांपासून तीन घरांवर. त्या दोघांना मी एका खोलीत कधी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही, आणि त्यात नवल काही नाही. आमच्यात भाऊ मिसरूड फुटायच्या आत वेगळ्या झोपडीत झोपायला जातो, आणि त्यानंतर बहीण ज्या खोलीत असेल तिथून तो उठतो. तिच्यासमोर चेष्टा नाही, हसणं-खिदळणं नाही, डोळ्याला डोळा नाही. मान म्हणतात त्याला आमच्यात. एकदा शाळेच्या मासिकाचं काम घेऊन हिंगानो स्वतःच दुकानात आल्या, तेव्हा हा मागच्या दाराने पळाला आणि तासभर टायरवाल्याकडे टायरवर बसून राहिला. जाताना त्या मला म्हणाल्या, "पानं नीट लागलीयत, म्हणावं." मी निरोप दिला. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि पुढचे तीन दिवस शीळ घालत काम केलं.

त्या हिंगानो मंगळवारी सकाळी इस्पितळात वारल्या. साखर वाढली होती, किडन्या थकल्या होत्या. वय त्रेसष्ट.

माती शनिवारी ठरली. बुधवारी सकाळी त्यांची मुलगी वाईमोआना दुकानात आली, सिडनीहून उतरून तशीच, काळ्या कपड्यांत, कमरेला सुतकाची चटई गुंडाळलेली, हातात फोन. फोनवर आईचा फोटो.

"मावशी, हाच फोटो घ्यायचा," ती मला म्हणाली. "दुसरा एकही नको. सगळ्या फोटोंत आई मुख्याध्यापिका दिसते. ह्यात ती आई दिसते."

फोटो खरंच तसा होता. हिंगानो धक्क्यावर उभ्या, कुणाला तरी निरोप द्यायला गेल्या असाव्यात. वारा सुटलेला आणि केस मोकळे. जन्मभर ह्या बाईचा अंबाडा हललेला मी पाहिला नव्हता, केस नेहमी कानांवरून घट्ट खाली ओढलेले असायचे. इथे ते उडत होते आणि त्या मोठ्याने हसत होत्या. फक्त त्यांच्या पाठीमागे, डोक्याच्या बरोबर मागे, बियरचा लालभडक फलक होता. चर्चच्या दारूबंदी मंडळाच्या बाई, आणि डोक्यामागे बियर.

"फलक काढावा लागेल," मी म्हटलं.

"म्हणून तर मामाकडे आले. हे केस दुसरं कोण सोलणार?"

सोलणं म्हणजे मागचं सगळं काढून माणूस तेवढा वेगळा करणं. अंबाड्याचा फोटो मीही सोलीन. पण वाऱ्यावर उडणारे केस म्हणजे नाकी नऊ. एकेका केसाची कडा धरावी लागते. एका केसाला जरी लालसर रेघ राहिली, तरी सगळं मुखपृष्ठ खोटं दिसतं. नुकुआलोफात हे काम एकालाच जमतं, आणि तो नेमका त्यांचा भाऊ होता.

फिनेआसी तेव्हा बहिणीच्या घराच्या मागे जमिनीतल्या चुली खणत होता. बहीण गेली की भावाची जागा तीच, मागे, धुरात. पुढे, मढ्यापाशी, त्याने यायचं नाही. आणि डोक्याला हात लावायचा तर प्रश्नच नाही. बहिणीचं डोकं भावाच्या हाताला वर्ज्य, जिवंतपणी आणि मेल्यावरही.

वाईमोआनाने फोन केला. तो आला. फाटकी मोठी चटई छातीपर्यंत बांधलेली, अंगाला राखेचा आणि धुराचा वास. भाचीला बघून त्याने मान खाली घातली. आमच्यात भाचीचा शब्द मामाला मोडता येत नाही. तिने डुक्कर मागितलं तर डुक्कर द्यायचं, अंगातला शर्ट मागितला तर शर्ट.

"मामा, तू करायचंस," ती म्हणाली.

तो खुर्चीवर बसला. फाइल उघडली. पडद्यावर हिंगानो आल्या, चारशे टक्के मोठ्या, नुसते केस आणि कपाळ. फिनेआसीने माउसवर हात ठेवला आणि बाणाचं टोक त्या केसांजवळ नेलं. मी त्याच्या मागेच उभी होते. बाण केसांच्या अलीकडेच थांबला. त्याने पडदा बंद केला आणि माउस उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला.

"माझा हात चालत नाही," तो म्हणाला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. "अरे, हे काय खरं डोकं आहे का? ठिपके आहेत ते. रंगाचे ठिपके. तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

"ठिपके आहेत, मला ठाऊक आहे. पण केस तिचेच आहेत ना?"

सोआकाई मालक आतून आले. त्यांनी घसा खाकरला. "फिनेआसी, मी आपला साधा माणूस. पण आपल्या बापजाद्यांनी हे ठरवलं तेव्हा कंप्युटर नव्हता."

"नव्हता. म्हणून त्यांनी तो वगळलाय असं थोडंच आहे?"

मालकांनी हात टेकले आणि आत गेले. वाईमोआनाच्या डोळ्यांत पाणी आलं. रडतेय की चिडलीय, ते तिचं तिला कळत नव्हतं. "मग मी काय करू? आई शनिवारी जाणार. सगळं गाव ती पुस्तिका घरी नेऊन भिंतीला लावणार. बियरसकट लावू का? मामा, मी तुला सांगतेय, कर."

आता बघा पंचाईत. करावं तर बहिणीच्या डोक्याला हात लागतो. न करावं तर भाचीचा शब्द मोडतो. दोन्हींतलं एकसुद्धा त्याच्याने होण्यासारखं नव्हतं, आणि भाऊ आणि मामा दोन्ही एकाच खुर्चीत बसले होते. हा माणूस आता काय करणार ह्याची मला विलक्षण उत्सुकता लागली. दुःखाच्या घरी अशी उत्सुकता बरी नव्हे, पण लागली.

त्याने छातीवरची चटई आवळली. मग उठला. दुकानाच्या मागच्या भागात कागदाच्या रिमांची चळत आहे, माणसाच्या उंचीची, भिंतीसारखी. तो तिच्या पलीकडे गेला आणि एका खोक्यावर बसला. मला फक्त त्याचा आवाज आला.

"लाईते, तू बस खुर्चीवर."

"मी? माझी बोटं बघितलीस का?"

"बोटं कशाला बघू? बस. मी सांगतो, तू कर. तुझं-तिचं नातं नाही. तुझ्या हाताला बंदी नाही."

"आणि तुला दिसणार कसं?"

"केस मला पाठ आहेत. तू फक्त जे दिसेल ते सांगत जा."

अशा रीतीने आमचं काम सुरू झालं. सकाळचे साडेनऊ. वाईमोआना दारात उभी राहून फोनवर फोन घेत होती, कुठली चटई कुणाची आणि पाळक किती वाजता येणार. मी खुर्चीत, आणि चळतीमागून आवाज.

"ब्रश घे. तीनचा. कडा मऊ. जोर वीस टक्के."

"घेतला."

"उजव्या कानापासून सुरू कर. वरून खाली नको, केस जिकडे वाढतो तिकडे जायचं. मुळापासून टोकाकडे."

"लाल राहतंय रे कडेला."

"राहू दे आत्ता. ते नंतर गाळू. पुढे हो."

तो माउसची टकटक ऐकून सांगायचा. "फार घाई करतेयस." "तिथे दोनदा गेलीस." एकदा तर म्हणाला, "हात उचल आणि बोटं झटक, खांदा ताठलाय तुझा." खरंच ताठला होता. लाल रंग काढायची त्याची युक्तीही मला तेव्हा पहिल्यांदा कळली. केसांच्या थराची एक नक्कल करायची, तिचा रंग काढून घ्यायचा आणि तिला 'मल्टिप्लाय' लावायचं. मग उजळ ते गळून जातं आणि गडद ते राहतं. मी बटण दाबलं आणि बियरचा लाल रंग केसांतून निघून गेला. मी मोठ्याने "अगं बाई!" म्हटलं.

"गेला ना?" चळतीमागून आवाज आला. आवाजात हसू होतं. मग ते लगेच बंद झालं, बहिणीच्या सुतकात हसलो म्हणून बहुधा.

साडेअकराच्या सुमाराला डावी बाजू आली. वाऱ्याने तिकडचे केस पूर्ण वर उचललेले होते. बहुतेक सगळं काम झालं होतं. डाव्या कानाच्या वर एक डाग तेवढा उरला होता, गुलाबीसर पांढरा, चकचकीत.

"इथे फलकाचा तुकडा राहिलाय," मी सांगितलं. "कानाच्या वर. बाजूचे केस घेऊन त्यावर भरते."

चळतीमागे खोकं करकरलं.

"ऐकतोयस ना?"

"केवढा आहे?"

"दोन बोटं रुंद. भरते, मिनिटाचं काम आहे."

"भरू नकोस."

"अरे, बियरचा फलक—"

"तो फलक नाही, लाईते."

मी माउस सोडला. पडदा आणखी मोठा करून बघितलं. कातडी होती. भाजून आवळलेली, केस नसलेली कातडी. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, जखमेला जाहिरात समजले होते.

दुकानातला आवाज थांबलेला बघून वाईमोआना फोन बंद करून आत आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "तो तर आईचा डाग. जन्मखूण आहे ती. मी लहानपणी विंचरताना बघायचे."

"जन्मखूण म्हणाली तुला?" चळतीमागून विचारणा झाली.

"हो. का?"

मग तो बोलला. मी तुम्हाला सांगतेय तितकं सलग नाही, मध्ये मध्ये थांबत. तो सात वर्षांचा होता, ती दहाची. त्याला शोध लागला होता, की कागदाला खोबरेल चोळलं की त्यातून पलीकडचं दिसतं. त्याने वडिलांच्या चर्चच्या वर्तमानपत्राला तेल चोळलं. संध्याकाळची वेळ होती. ती दिव्यापाशी अभ्यास करत बसली होती, केसांना तेल लावून, न्हायच्या आधी. त्याला बघायचं होतं, की अक्षरांतून ज्योत कशी दिसते. तो मागून आला आणि कागद दिव्यावर धरला. कागदाने पेट घेतला. हाताला चटका बसला म्हणून त्याने फेकला, आणि तो तिच्या डोक्यावर पडला.

"वडील धावत आले. मी दाराशी उभा होतो. हातात काही नव्हतं, सगळं जळलं होतं. वडिलांनी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, अभ्यास करता करता डुलकी लागली, दिवा कलंडला. वडिलांनी तिचा दिवा काढून घेतला. ते वर्षभर तिला संध्याकाळी अभ्यास करू दिला नाही. एक वर्ष मागे पडली ती. मी गप्प बसलो. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग मला मुलांच्या झोपडीत झोपायला पाठवलं. मग तिच्याशी बोलायची सोयच राहिली नाही. तिच्याशी नाही आणि तिच्याबद्दल कुणाशीही नाही."

बाहेर टायरवाल्याचा पंप सुरू झाला आणि बंद झाला. वाईमोआना स्टुलावर बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. एखाद्याच्या आईबद्दल असं काही कळत असताना त्याच्या तोंडाकडे बघू नये.

मग वाईमोआना म्हणाली, "झाकून टाकू या का मग? आईने जन्मभर झाकलंच ना."

"तिने स्वतःसाठी नाही झाकलं." त्याचा आवाज आता खाली आला होता, मला कान द्यावा लागला. "दिसलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कसं झालं म्हणून. तिला पुन्हा खोटं बोलावं लागलं असतं. नाहीतर माझं नाव सांगावं लागलं असतं. म्हणून झाकलं. पन्नास वर्षांच्या वर झाली, रोज सकाळी केस कानावरून ओढून बांधत होती. मला दिसायचं ना. तीन घरांवरून दिसायचं."

"आता दिसलं तर लोक विचारतील," वाईमोआना म्हणाली.

"विचारतील. पण आता मलाच विचारावं लागेल."

ती उठून चळतीपर्यंत गेली. पलीकडे गेली नाही, अलीकडेच उभी राहिली. "मामा, मग राहू दे. मी सांगतेय म्हणून राहू दे."

भाचीचा शब्द. तो मोडायचा प्रश्नच नव्हता.

मला तरी धीर धरवेना. सवय हो, चांगलं दिसावं ह्याची सवय. मी म्हटलं, "अगदी उघडं नको दिसायला. मी थोडं पुसट करते. पुढच्या दोन बटा घेते त्यावर, अर्धवट. बघणाऱ्याला दिसेल आणि खुपणार नाही. किती ठेवू? तीस टक्के?"

"शंभर," फिनेआसी म्हणाला.

जन्मभर चेहरे विरवणारा माणूस. मी त्याच्या तोंडून हा आकडा फोटोसाठी पहिल्यांदा ऐकला.

बाकीचं काम सरळ झालं. मागे ढग नको, किरण नकोत, वाईमोआनाने समुद्राचा साधा निळा रंग मागितला. छापताना आमचं जुनं यंत्र नेहमीसारखं अडलं. त्याला आरपार काही कळत नाही. मऊ कडेच्या भोवती ते फिकट चौकोन उमटवतं, पडद्यावर न दिसणारा. फिनेआसीने मागूनच सांगितलं, की सगळे थर दाबून एक सपाट चित्र करून दे, मग यंत्राला वर-खाली काही उरत नाही. मी तसं केलं. पहिला कागद बाहेर आला. मी भिंगाखाली घातला. एकही चूक सापडली नाही, आणि सापडली असती तर मला बरं वाटलं असतं, इतकी मी हादरलेली होते.

कागद मी चळतीपाशी नेला. "बघणार?"

"नको," तो म्हणाला. "उडतायत का केस?"

"उडतायत."

तो उठला आणि मागच्या दाराने चुलींकडे गेला.

शनिवारी मी मातीला गेले. घराच्या पुढच्या बाजूला स्तोत्रं चालली होती, पांढऱ्या चटयांवर बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर पुस्तिका. मी पाहिलं, की प्रत्येकीचं बोट एकदा तरी त्या कानावर जात होतं. कुजबूज सुरू झाली. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्याला काय झालं होतं? कुणाला माहीत नव्हतं. मढ्याच्या डोक्याशी बसलेली हिंगानोंची आतेबहीण, ऐंशीच्या घरातली म्हातारी, त्या दिवशीची सगळ्यांत मानाची बाई. तिनेच शेवटी वाईमोआनाला विचारलं. वाईमोआना म्हणाली, "मामाला विचारा."

म्हातारी उठली. दोघींनी तिला धरलं. ती घराला वळसा घालून मागे आली. तिथे ह्या मानाच्या बायका कधी येत नाहीत. चुलींचा धूर, डुकरांची आतडी, घामेजलेले पुरुष. सगळे झटकन खाली बसले. फिनेआसीही बसला, राखेतच. मी त्याच्या मागे, पाण्याच्या पिंपापाशी होते.

"हे काय आहे?" म्हातारीने पुस्तिका पुढे धरली.

फिनेआसीने मान वर केली. भावाने बहिणीच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं, पण पुस्तिका समोर धरली होती. त्याने बघितलं.

"मी जाळलं," तो म्हणाला. "मी सात वर्षांचा होतो. कागदाला तेल लावून दिव्यावर धरला, तो तिच्या डोक्यावर पडला. तिने वडिलांना सांगितलं दिवा कलंडला. दिवा कलंडला नव्हता."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं. "आणि तू आता सांगतोयस," एवढंच ती म्हणाली. रागाने म्हणाली की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. ती पुढच्या अंगणात परत गेली.

पण मग इतर येऊ लागले. शाळेच्या बाया आल्या. पाळक आले. दोन गावं सोडून आलेला एक चुलतभाऊ आला. प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. "मी जाळलं" हे आधी, मग बाकीचं. काही गोड केलं नाही, काही गाळलं नाही. मोजायची मला खोडच आहे, म्हणून मी मोजलं. दुपारपर्यंत त्याने ते अकरा वेळा सांगितलं होतं.

बाराव्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. टायरवाला केळीची पानं घेऊन चुलीपाशी आला, त्याला फोटोबद्दल काही ठाऊकही नव्हतं. फिनेआसीने त्याच्या हातातून पानं घेतली, खाली ठेवली आणि म्हणाला, "बस जरा. तुला माझ्या बहिणीबद्दल सांगायचंय."